डोळ्यात पाहून बोल

बाबा, काल यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी आईला विचारलं, लहानपणी याला मार पडायचा का. आईनं पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "नाई जी. बोटबी नाई लावलं याच्या बाबानं. लय जीव होता त्यायचा याच्यावर." शेवटचं वाक्य खरं आहे. म्हणूनच आधीच्या वाक्यांचा जास्त राग आला.

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, म्हणून आधी दवाखान्यापर्यंत कसा पोचलो ते सांगतो. मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. बेअरिंग, पट्टे, नटबोल्ट बोलत नाहीत आणि ठेवलेल्या जागी राहतात, म्हणून आमचं पटतं. गेल्या महिन्यात नवे साहेब आले. "अरे, इकडं पाहून बोल ना भाऊ," म्हणत त्यांनी मस्करीत माझी हनुवटी धरली. मी हात झटकला आणि रॅकखाली शिरलो. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस रॅकखाली बसलाय आणि काही केल्या बाहेर निघत नाही! मग दवाखाना झाला, तपासण्या झाल्या. मॅडम म्हणाल्या, ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. मला हायसं वाटलं. म्हणजे मी माजलेला नव्हतो, तुम्ही म्हणायचे तसा.

पण मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी मला मशीनमध्ये झोपवून माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि एकेका चेहऱ्याला माझं काळीज धडधडत होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या मेंदूची घडणच वेगळी आहे, त्यात दुरुस्त करायचं काही नाही. पण लहानपणी धास्ती बसली असेल, तर तीही मेंदूत घर करते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. नुसत्या मशीनवरून मला ते वेगळं काढता येत नाही. धास्तीवर उपचार करता येतात, पण त्यासाठी काय घडलं ते मला कळायला हवं." तेव्हाच त्यांनी आईला विचारलं. आईचं झाल्यावर माझ्याकडे वळल्या.

तुम्हाला तो तान्हा पोळा आठवतो का? मारेगावच्या शाळेचं मैदान आहे, मी दुसरीत आहे. तुम्ही सुताराला सांगून माझ्यासाठी चाकांचा सागवानी बैल करून आणलाय, शिंगांना बेगड स्वतः लावलीय, झुलीवरचे आरसे आईकडून शिवून घेतलेत. अख्ख्या गल्लीत तसा बैल कोणाचा नाही. तोरणाखाली पोरं आपापले बैल घेऊन रांगेत उभी आहेत, बँड वाजतोय, तुमच्या कचेरीतले मोठे साहेब बक्षीस ठरवायला येताहेत. मला बँड सोसत नाही. मी खाली बसतो, बैल उलटा करतो आणि त्याचं चाक फिरवत राहतो. चाक फिरत असलं की बँड लांब जातो. "पोळ्याच्या दिवशी बैल पालथा पाडला पोट्ट्यानं!" कोणीतरी ओरडतं आणि सगळे हसतात. साहेबही हसतात. तुम्ही हसत नाही.

घरी आल्यावर तुम्ही माझी हनुवटी धरून वर केली. "काहून पाडला बैल? डोयात पाहून बोल. खरं बोलणारा नजर नाई चोरत."

"चाक पाहून राह्यलो होतो," मी जमिनीला सांगितलं. ते खरं होतं. तुम्ही थोबाडीत मारली, पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा पडली. मग न्हाणीत कोंडलं. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा मला एवढंच कळत होतं की डोळ्यांत पाहिलं की हे संपेल. मी पाहिलं आणि म्हणालो, "मुद्दाम पाडला." तुम्ही लगेच मला कडेवर घेतलंत. "शाब्बास. आता कसा खरं बोलला!" पुढं किती वेळा हे झालं ते तुम्हालाही ठाऊक आहे. वर पाहुण्यांच्या डोळ्यांत पाहिलं तर "मोठ्याले डोये दाखवतं का?" म्हणून आणखी एक पडायची. बाबा, पोरानं पाहावं तरी कुठं?

तर काल मॅडम माझ्याकडे वळल्या. आई शेजारी, तिचा हात माझ्या गुडघ्यावर. मी मान वर केली, मॅडमच्या डोळ्यांत सरळ पाहिलं आणि म्हणालो, "कोणी मारलं नाही मला." जराही अडखळलो नाही. आईनं सुस्कारा सोडला. मॅडम हळूच म्हणाल्या, "इतक्या दिवसांत तुम्ही आज पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंत. उद्या एकटे येता का?"

आज सकाळी एकटा गेलो. फरशीकडे पाहत सगळं सांगितलं, बैल, बँड, न्हाणी. बेगड तुम्ही स्वतः लावली होती, हेही सांगितलं. ते सांगतानाच रडू आलं. मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत की इकडे पाहा. फरशीकडे पाहून बोललेलं माझं खरं आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी खरं मानलं.

आता दुपार आहे, आई आत झोपलीय. मॅडमना खरं सांगून आलो, हे ती उठली की तिला सांगेन. हे पत्र काही कुठं पाठवायचं नाही. भिंतीवर तुमचा फोटो आहे, हार आईनं सकाळीच बदललाय. आणि बाबा, एवढं सगळं धीटपणे लिहिलं खरं, पण खुर्ची फिरवून, तुमच्याकडे पाठ करून बसलोय.