वखारीतला एक हिवाळा

अप्पा, काल तुमच्या नातीने मला विचारले, "बाबा, एम.कॉम. करू की सरळ नोकरी धरू? तुमच्या वेळी तुम्ही कसं ठरवलंत?" मी चष्मा पुसत म्हणालो, "मी नाही ठरवलं. तुझ्या आजोबांनी ठरवलं." वाक्य नेमके वाटावे असे होते, खरे मात्र नव्हते. म्हणून आज, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तुम्हाला लिहायला बसलो आहे.

महाडची आपली हिरड्याची वखार मला अजून दिसते, पण कडा विरघळल्यासारखी. सावित्रीवरून धुके वर येते आहे, भरतीची वाट पाहणारे मचवे त्यात अर्धे बुडाले आहेत, आणि सगळीकडे तो तुरट वास, जो पुढे मुंबईतही कितीतरी दिवस माझ्या सदऱ्यांतून गेला नाही. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. हेडमास्तरांचे म्हणणे, मुलाला कॉमर्सला घाला. त्याचे मुंबईत तेव्हा एकच कॉलेज होते. तुम्ही म्हणालात, "एक हिवाळा वखारीत बस. हाताला माल कळला, तर कॉलेज कशाला हवं? वखार तुझीच आहे. नाहीच कळला, तर खुशाल जा." तुमच्या आवाजात आशा होती. मला कॉलेज हवे होते. पण तसे म्हणणे म्हणजे तुमची वखार मला पुरत नाही असे म्हणणे, आणि ते माझ्या तोंडून निघाले नाही.

मग तुम्ही शिकवू लागलात. मूठभर हिरडा ओंजळीत घ्यायचा, कानाशी नेऊन हलवायचा. वाळलेला खडखड वाजतो, ओला गप्प राहतो. मी हे वहीत उतरवू लागलो तेव्हा तुम्ही हसलात. "अरे, वही मिट आणि कान उघड." दुपारच्या सुस्तीत तुम्ही पंच्याने माझे डोळे बांधता, एकेक ओंजळ कानाशी आणता, आणि त्या उबदार अंधारात मी सांगत राहतो, वाळला, ओला, वाळला. कधी बरोबर, कधी चूक. इतक्या जवळ तुम्ही पुन्हा कधी बसला नाहीत.

माघात तुम्ही दोन दिवस पोलादपूरला गेलात. दुसऱ्या सकाळी डोंगरातला एक म्हातारा बैलांवर गोणी लादून उतरला. "धाकलं शेट, आज तुमीच का?" मी ओंजळ कानाशी नेली. म्हातारा हमालांकडे बघून डोळे मिचकावीत म्हणाला, "गप ऱ्हावा रे, हिरडा बोलतोय! काय म्हनतो, शेट?"

"वाळलोय म्हणतो," मी म्हणालो.

"मंग तुमच्यावानीच शिकलेला हाय तो!" हमाल खो खो हसले. भरती चढली होती. गोणी तशाच मचव्यात गेल्या.

पंधरवड्याने त्या मुंबईहून परत आल्या. हिरड्याला बुरशी धरली होती. तुम्ही एक फोडून पाहिलात आणि ते काळे तुकडे तळहातावर तसेच धरून उभे राहिलात. मी शिव्यांची वाट पाहत होतो. तुम्ही मात्र माझीच समजूत घातलीत. "तुझ्या हाताला नाही कळत रे. त्यात तुझा दोष नाही. दासगावहून आगबोट कधी सुटते, विचारून ये."

मी पदवी घेतली. आज एका पेढीत माल पसंत करण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि माझी पारख क्वचितच चुकते. लोक त्याचे श्रेय माझ्या शिक्षणाला देतात. शिक्षण की अनुभव, हा प्रश्न त्या हिवाळ्यात आपण दोघांनी प्रामाणिकपणे सोडवलाच नाही. तुम्ही उत्तराची वाट पाहत होतात, आणि मी ते आधीच ठरवून बसलो होतो. त्यानंतर अकरा वर्षे, शेवटपर्यंत, तुम्ही वखार एकट्याने चालवलीत. दर पंधरवड्याला मी तुम्हाला सविस्तर पत्र लिहीत असे, आणि पुढचे एवढेच त्यांतल्या एकाही पत्रात लिहिले नाही.

हिरडा ओला होता, अप्पा. रात्रभर दवात राहिलेला. ओंजळ कानाशी नेण्याआधीच माझ्या हाताला ते कळले होते. आणि तुम्ही काळे तुकडे हातात घेऊन उभे होतात, तेव्हा मान खाली घालून मी आनंदात होतो.