उत्तरवाऱ्यापलीकडचे लोक

अथेन्स, ३ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा व ती. आई यांस,
प्रगतीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर बोलताना आई लवकर थकते, म्हणून हातानं लिहून पत्राचा फोटो पाठवते आहे. बाबा, तिला सावकाश वाचून दाखवा. डायलिसिसला आदिलाबादला जाताना ऑटोत तिच्या पाठीशी उशी देत जा.

मी इथं नेमकं काय शिकते, असं आईनं विचारलं होतं. जुन्या ग्रीक आणि लॅटिन लेखकांनी दूर उत्तरेकडच्या लोकांच्या गोष्टी लिहून ठेवल्यात, त्या मी वाचते. त्यात एका डोळ्याचे लोक आहेत. सोन्यावर पहारा देणाऱ्या अक्राळविक्राळ पक्ष्यांशी ते लढतात. पण मला आवडतात ते हायपरबोरियन, उत्तरेच्या वाऱ्याच्याही पलीकडे राहणारे. त्यांना आजार नाही, भांडण नाही. जगून मन भरलं की ते पोटभर जेवतात, हार घालतात आणि कड्यावरून समुद्रात उडी घेतात. याहून सुखाचं मरण नाही, असं लेखक म्हणतात.

थंडीत जपा. माझी आठवण काढत राहा.
तुमची प्रगती

जैनथ, १४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रगतीस,
जयभीम व आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. एका डोळ्याच्या लोकांवर ती हसली. त्यांना सुईत दोरा कसा ओवता येत असेन म्हणे. कड्याचं परत वाचायला लावलं. संध्याकाळी म्हणे, आता मले मशीनवर नका नेऊ, मलेबी तसंच जाऊ द्या. काल ऑटो दारात आला, ती खाटेवरून उठली नाही.

मी रागावलो आहे. आजारी माणसाच्या घरी असं काऊन लिहिलं तू? जन्मभर मी पोरांना सांगितलं, वाचा, वाचा. आता तुझं वाचलेलं माझ्या घरात शिरलं.

तिनं एक गोष्ट विचारायला सांगितली आहे. त्या लोकायनं उडी मारायच्या आदी घरच्यायले इचारलं होतं का?

उत्तर लवकर दे.
बाबा

अथेन्स, १६ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा व ती. आई यांस,
सप्रेम जयभीम.

बाबा, तुमचा राग बरोबर आहे. मला गोष्ट दिसली, आईची खाट दिसली नाही.

आई, तुझा प्रश्न घेऊन मी सगळी पुस्तकं परत पाहिली. मागे राहिलेल्यांबद्दल कुठंच एक शब्द नाही. त्या कड्यावर कोण रडलं, कोणी कोणाचा हात धरला, काही नाही. लिहिणारे तिकडे कधी गेलेच नव्हते. ऐकलं ते लिहिलं.

ते लोक मन भरलं म्हणून जात. तुझं मन भरलं, की तू थकलीस? थकली असशील तर डॉक्टरांशी बोलून त्रास कमी करता येईल. मी बुधवारी निघते. तोवर मशीनवर जा, माझ्यासाठी. मी आल्यावर तू म्हणशील ते ऐकेन.

थोडी वाट बघ.
तुझी प्रगती

जैनथ, ९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रगतीस,
जयभीम व आशीर्वाद.

फोनवर हे मला बोलता येणार नाही, म्हणून लिहितो.

तू होतीस तेव्हा डॉक्टरांनी औषधं बदलली. त्यानं तिला बरं वाटलं, हे तू पाहिलंस. तू गेलीस त्याच आठवड्यात तिनं मला समोर बसवून विचारलं, आता थांबू का. तुला विचारलं नाही, कारण म्हणे पोरीले तिचं घर हाये, मांगं तुमीच राहान. माझे कान तुला माहीत आहेत, सगळं दोनदा सांगावं लागतं. हे मला पहिल्याच खेपेला ऐकू आलं. तरी मी परत सांगायला लावलं. मग म्हणालो, माझं मन भरलं नाही.

 ती माझ्यासाठी सारा हिवाळा मशीनवर जात राहिली. येताना उलट्या करायची, घरी आल्यावर मला चहा झाला का विचारायची. तिचे हात सुजून काळे पडले. सुई टोचायला जागा उरली नाही.

शुक्रवारी तिनं परत विचारलं. मी हो म्हणालो.

डॉक्टरांना सांगितलं आहे. दुखू नये म्हणून त्यांनी औषध दिलं. आज तिनं हरभऱ्याच्या भाजीसोबत अर्धी भाकर खाल्ली. आता अंगणात उन्हाला पडली आहे. माणूस ओळखते, बोलते. तू लगेच निघ.

मी तुझ्यावर रागावलो होतो, ते मनातून काढून टाक. आम्हा दोघांवर माया असू दे. ती म्हणे, यावेळी खाली माझंबी नाव घाला.

तुझे बाबा
तुझी आई