पोटॅशमधले धागे

४ ऑक्टोबर १९७४, सरोजिनी नगर, दिल्ली
आज सकाळी सामान सोडायच्या आधी देव मांडले. क्वार्टर उजेडाचं आहे, समोर कडुनिंब. प्रवासात आमची सहाण दुभंगली. पण कोनाड्यात आधीच्या बिऱ्हाडाची सापडली, छान झिजलेली. दुसऱ्यांच्या सहाणेवरचं गंध देवाला कसं लावायचं, असं कुमुद म्हणाली. दगडाला कसला विटाळ, म्हटलं. चिंचेनं घासली, चंदन उगाळलं, देवांना लावलं, मग आम्ही दोघांनी. उद्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं.

२१ नोव्हेंबर
वर्षानुवर्षं गजकर्णानं गांजलेली माणसं येतात. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचेवर घ्यायचा, त्यावर पोटॅशचा थेंब, जरा ऊब. कातडी विरघळते, बुरशी असेल तर तिचे फाटे फुटलेले धागे भिंगाखाली उरतात. आज माझ्याच कपाळावरच्या चट्ट्याचा कोंडा पाहिला. धागे होते. कुमुद हसली. म्हणाली, पगार कमी पडला म्हणून रोगही घरी आणलात! डॉक्टर अरुणाबाईंनी मलम दिलं.

९ जानेवारी १९७५
मलम थांबवलं की चट्टा परत. कालची काच तशीच राहिली होती. आज पाहतो तर धागे वाढून कडेपर्यंत आलेले. पोटॅशमध्ये काहीच जगत नाही. अरुणाबाई म्हणाल्या, अरे गुणवंतजी, कपड्याचा धागा असेल, चष्मा बदला. कपड्याच्या धाग्याला फाटे फुटत नाहीत.

१७ जानेवारी
कुमुदच्या कपाळावर, कुंकवाखाली, तसंच वर्तुळ. माझ्यामुळेच. देवा, तिला का? आज धागे काचेबाहेर आले – टेबलावर – भिंगाशिवाय दिसतात –

२० जानेवारी
ठरलं. तिला माझ्यापासून दूर पाठवायचं. नागपूरला, तिच्या भावाकडे. त्याची लेक लतिका तीन वर्षांची, पण मी तिथं नाही, मग भीती नाही. कुमुद रडली. मग म्हणाली, माझ्यामागे रोज खिचडीच कराल, माहीत आहे मला.

२२ जानेवारी
गाडीत बसवलं तिला. पूजेत खंड नको म्हणून देवही दिले. सुटलो वाटलं.
घरी वाटीत सकाळचं गंध वाळलेलं. का कोण जाणे, प्रयोगशाळेत आणलं, थेंब टाकला – यात कातडी नाही – कोंडा नाही – तरी धागे – हलताहेत –
मी नव्हे. ती सहाण –
मीच पुसून, सोवळ्यात गुंडाळून तिच्या मांडीवर दिली. लतिकेलाही रोज गंध लाव, असं मीच तिला –