न आलेल्या तापाचा मलिदा

शुक्र., १४ नोव्हें.
अलिबागहून बिन्यामीनकाकांचा फोन. उद्या साराकाकूला जाऊन वर्ष. "सॅम्या, नऊ जमलेत. तू आलास की दहा. दहा पुरुष असल्याबिगर तिच्यासाठी काद्दीशची प्रार्थना म्हणता यायची न्हाय मला. येशील ना रे?"
इकडे काशीदला माझी चारही कॉटेज फुल्ल, दोन नंबरचा एसी गळतोय, पुण्याची पार्टी सकाळी येणार. म्हटलं, "काका, अंगात ताप आहे हो." वर खोकलोसुद्धा. रिबेकाने ऐकलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, असं कधी बघितलं नव्हतं तिनं माझ्याकडे.
बारावीपर्यंत दोन वर्षं अलिबागला साराकाकूच्या हातचं जेवलो. आता हे लिहून काय उपयोग.

रवि., १६ नोव्हें.
पार्टी गेली. एसी तसाच.
चुलतभाऊ डेव्हिडचा फोन. साडेअकरापर्यंत वाट बघितली म्हणे. काका सारखे दाराशी जात होते. सिनेगॉग बघायला कुणी पर्यटक आले, तर त्यांनाही विचारलं, "तुमच्यात कोणी आपल्यातलं, ज्यू आहे का?" शेवटी तालीथ, प्रार्थनेची शाल, खांद्यावरून काढली, घडी केली. काद्दीश राहिला.
"तू आजारी, तुझा काय दोष," डेव्हिड म्हणाला. मी "हो ना" म्हटलं. हो ना!! काय माणूस आहे मी.

गुरु., २० नोव्हें.
मेलो.
दुपारी दारात सुमो. काका, डेव्हिड, लीयामावशी, आणखी चारपाच जण, मांडीवर पातेली. काकांनी शनिवारीच एलियाहू हानाबीला नवस बोलला होता: सॅम्या बरा होऊ दे, त्याच्या घरी मलिदा करीन. आणि मी शिडीवर, दिव्यांच्या माळा बांधतोय.
"अरे उतर आधी! अंगात शक्ती तरी आहे का?" लीयामावशी ओरडली.
भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. प्रार्थना झाली. काकांनी पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली, कपाळाला हात लावून बघितला. "उतरलाय." रिबेका पाणी घेऊन आली, मान काही वर केली नाही.
तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट दुसऱ्यांदा घेतला मलिदा, बरं दिसावं म्हणून.
निघताना काका: "शनिवारी सिनेगॉगात सेफेर वाचताना तुला पुढं बोलावतो. दुखण्यातून उठलेल्यानं सगळ्यांसमोर देवाचे आभार मानायचे असतात. त्यालाही दहा लागतात. बाकीचे नऊ मी गोळा करतो, तू काळजी करू नको."
तू काळजी करू नको, म्हणे.

शुक्र., २१ नोव्हें.
रिबेका: "देवाचे खोटे आभार मानणार?"
"मग जाऊ नको?"
"म्हणजे परत नऊ."
ओरडलो तिच्यावर. तिचं बरोबर असलं की जास्तच ओरडतो.
उद्याचं बुकिंग घेतलं नाही. तेवढ्यावर स्वतःचंच कौतुक वाटलं. लाज कशी नाही ती.

रवि., २३ नोव्हें.
काल शब्बाथ, लिहायचं नसतं म्हणून लिहिलं नाही. एवढं तरी पाळलं.
दहा झाले. एक आजोबा पनवेलहून माझ्यासाठी आले होते, आदल्या दिवशी, एसटीने. गुडघे धरून बसलेले.
काकांनी नाव पुकारलं. गेलो. आशीर्वाद म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "काका, मला ताप नव्हता. कॉटेज भरली होती."
काका हळू म्हणाले, "दवाखान्यात ती रोज विचारायची. सॅम्या आला का."
तेव्हाही सीझनच होता.
बाजूला हो, अशी हाताने खूण केली आणि पुढच्याला बोलावलं. शेवटी काद्दीशला उभे राहिले. तिचा दिवस टळला तो टळलाच, पण म्हणाले. दहांत मला धरूनच.
बाहेर डेव्हिडने चपला घातल्या आणि माझ्याआधीच निघून गेला.
घरी रिबेकाने विचारलं, "पुढच्या शनिवारी?"
येऊ का, हे काकांना विचारायला तोंडच नव्हतं. नाही गेलो तर ते परत नऊच.