तीन ठिपक्यांचा बोल्ट

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी वर्कशॉपचं शटर वर करतो तोच फोन. सुमन वहिनी, बापूची बायको. बापू माझा शाळेपासूनचा दोस्त. तो गेल्यावर आठ वर्षांत वहिनींशी तिळगुळापुरतं बोलणं.

"भाऊ, ते बेलर सुरू करनं शे. गहू निंघाना आगोदर."

म्हटलं, चाऱ्याच्या गाठी बांधायचं ते मशीन आठ वर्षं पत्र्याखाली पडलंय, सगळं जाम झालं असेल, भंगारात द्या. तर म्हणाल्या, "तुम्हले जमत नसी ते सोनगीरना मिस्तरीले बलावस."

लगेच हो म्हणालो. परवाच येतो म्हणालो.

हिने विचारलं, एवढी कसली घाई? चहा गार आहे म्हणून तिच्यावरच डाफरलो. चहा चांगला गरम होता.

४ फेब्रु.

घाई कसली ते या कामाच्या डायरीतच लिहितो. दुसरीकडे कुठे बोलणार.

बेलरच्या मोठ्या चाकात एक बोल्ट असतो, मुद्दाम नरम. चारा कोंबला गेला की तो तुटतो आणि मशीन थांबतं. माणूस उतरतो, चारा काढतो, नवा बोल्ट घालतो. त्या वर्षी बापूचे दिवसाला चार-पाच तुटायचे. कामं डोक्यावर. म्हणाला, "भो, काहीतरी पक्कं टाकी दे." मी कडक बोल्ट टाकला. आमच्यात सगळेच मिस्त्री टाकतात, गिऱ्हाईक खूश होतं. अकरा दिवस तुटला नाही. बाराव्या दिवशी चारा अडकला, मशीन थांबलं नाही, आणि बापूने चालू मशीनमधून चारा ओढायला हात घातला.

मी बसवलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पंचाने तीन ठिपके मारतो. जवानीची मिजास. पारोळा तालुक्यात ते ठिपके कोणीही ओळखतं. सोनगीरचा मिस्त्री तर हसत हसत ओळखेल.

५ फेब्रु.

गेलो. गोठ्याशेजारी, पत्र्याखाली. कोंबड्या बसलेल्या. टायर जमिनीत रुतलेले. चाक, दट्ट्या, सुतळीची गाठ मारणारा नॉटर, सगळं एकजीव गंजलेलं. डिझेल-रॉकेल मारून ठेवलं, पिऊ दे दोन दिवस.

ट्रॅक्टर जोडलेलाच नाही, तरी आत हात घालण्याआधी तीनदा मागे वळून पाहिलं. पल्लवी, बापूची मुलगी, बघत होती. "काय काका?" म्हटलं, काही नाही, कोंबडी. चोराच्या मनात चांदणं.

पल्लवी तेव्हा दहावीला. धुळ्यात देवपूरला राहून शेतीचं शिकली, आता परत आलीय. ट्रॅक्टर बापूसारखाच चालवते, एका हाताने. मशीन तिलाच चालवायचंय.

९ फेब्रु.

दट्ट्या हलला. पितळेचा तुकडा ठेवून घणाने ठोकत होतो. आधी नुसतं ठण्‌, मग एकदम धप. बापूच्या मशीनचा आवाज. घण हातातून पडला. पाणी पिऊन पुन्हा लागलो.

आत चाऱ्याची अर्धी गाठ होती. त्या दिवसाची. काळी पडलेली, उंदरांनी पोखरलेली, पण आकार धरून. बाहेर काढून जाळून टाकू म्हणत होतो.

वहिनी आल्या. "जाळू नका. त्यासना हातनी शेवटनी शे. अर्धी शे ना, पुरी बांधी द्या."

सुतळी मागितली. हाताने बांधली. नॉटर मारतो तशी गाठ माणसाला जमत नाही, साधीच मारली. वहिनींनी ती उचलून घरात नेली. कुठे ठेवली, विचारलं नाही.

१३ फेब्रु.

बोल्ट. तीन दिवस तो सोडून बाकी सगळं करतोय. आज पल्लवी खत आणायला गेलेली, वहिनी मळ्यात. आज नाही तर कधी.

निघेना. पाना घसरला, बोटाची साल गेली. गॅसने चाक लाल होईस्तोवर तापवलं, थंड केलं, पुन्हा तापवलं. जुना चारा जळाल्याचा वास आला. बापू अडकला त्या दिवशी मलाच बोलावलं होतं ना त्याच्या घरच्यांनी. हेच चाक मी उलटं फिरवलं, बापूला सोडवायला. तो शुद्धीत होता. म्हणाला, "हळू रे भो." धुळ्याला पोहोचेपर्यंत गेला.

तेव्हाच काढता आला असता बोल्ट. हात लावायची हिंमत झाली नाही.

दु. दोनला निघाला. ओरखडाही नाही. तीन ठिपके जसेच्या तसे. रुमालात गुंडाळून खिशात घातला, जागी नरम बसवला.

आता कोणाला काही कळणार नाही. हलकं वाटायला पाहिजे होतं. गाडी घराकडे न नेता उगाच धुळे रोडने लांबवर नेऊन परत फिरवली.

१८ फेब्रु.

नॉटर मोकळा झाला. नखाएवढे भाग, डोळे गेले माझे.

वहिनी ओट्यावर शेंगा निवडत होत्या. आपणहून बोलल्या. "चूक त्यासनीच व्हती ना भाऊ. तेराव्याले तुम्ही बी म्हनेल व्हतं, चालू मशीनमा हात घालाले नको व्हता. तवयपाईन मी त्यासवर राग धरीसन बठेल शे. पोर लहान, नि हाऊ मानूस हात घाली बठना."

म्हणालो होतो. सगळे म्हणत होते, मीही म्हणालो. बाकीचे अजाणतेपणी, मी जाणून.

त्यांना म्हटलं, शेंगा चांगल्या भरल्यात.

२२ फेब्रु., रविवार

नारळ फोडला. पल्लवीने ट्रॅक्टर जोडला, चाक फिरलं. धप. धप. धप. पहिली गाठ बाहेर पडली, सुतळी बरोबर. पोरगी टाळ्या वाजवत होती. मी हसलो, लोक बघतात म्हणून.

वहिनी आवाज सुरू होताच आत गेल्या. दार लावलं.

मला मात्र मागून, अगदी कानाशी, "हाण भो!" असं ऐकू आलं. बापू मशीन चांगलं चाललं की तसं ओरडायचा. माझ्या मागे भिंत होती. हिला सांगितलं तर दृष्ट काढेल. दृष्ट काढून जाणारं नाही हे.

२६ फेब्रु.

पल्लवीचा फोन. आगाप, लवकर पेरलेल्या गव्हाच्या वावरात गेली होती, सकाळपासून चार बोल्ट तुटले.

गेलो. चारा ओला आहे, ट्रॅक्टर हळू घे, सांगितलं. ती वैतागलेली. "काका, पहिले होता तसा पक्का टाका ना. शेवटच्या रात्री पप्पा सांगत होते, तुम्ही एक बोल्ट टाकला तर अकरा दिवस तुटला नाही. असा मिस्त्री धुळे-जळगावात नाही म्हणायचे."

म्हणायचा तो असं. घरी, जेवताना, पोरीला.

पक्के बोल्ट डिकीत होते. तिने डिकीकडे पाहिलंही. "उद्या आणतो" म्हणालो आणि पळालो. पन्नाशी उलटलेला माणूस अक्षरशः पळालो.

२७ फेब्रु.

बांधावर तिला उभं केलं आणि सांगितलं. रुमाल सोडून बोल्ट दाखवला. तो का टाकला, नसता तर काय झालं असतं, तेराव्याला काय बोललो, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

तिने बोल्ट हातात घेतला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं, परत दिला. ट्रॅक्टरवर बसली. दुसऱ्याच फेरीत नरम बोल्ट तुटला. तिने ट्रॅक्टर बंद केला, चावी काढून खिशात टाकली, मग उतरली. चारा काढला, नवा बोल्ट घातला. माझ्याकडे पाहिलं नाही.

जाताना म्हणाली, "आईला तुम्ही सांगाल का मी सांगू?"

म्हटलं, मी. म्हणाली, "रविवारपर्यंत."

काका म्हणाली नाही.

१ मार्च, रविवार

वहिनींच्या ओट्यावर बसून लिहितोय. हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून.

आल्या आल्या चहा दिला. मी तोंड उघडणार तर त्याच बोलल्या. "भाऊ, मशीन चालनं नि मना राग गया. काल दिवा लाईसन त्यासले सांगं, जा, चूक माफ करी तुम्हनी. भाऊ, तुम्हना हातनं व्हयनं हाई सगळं."

आठ वर्षांनी माफ केलं त्याला. आणि चूक त्याची नव्हतीच.

उठून जावं असं वाटलं. खरंच वाटलं. त्यांना आता कुठे बरं वाटतंय, कशाला? पण समोर पल्लवी ट्रॅक्टरवर बसलीय, इंजिन चालू ठेवून, माझ्याकडे बघत.

म्हटलं, वहिनी, बाहेर येऊन बसा, एक सांगायचंय. "दूध उतू जाई, उनूच" म्हणून आत गेल्या.

रुमाल सोडला. बोल्ट पायरीवर ठेवलाय, ठिपके वर करून. दारातून आतली ती चाऱ्याची गाठ दिसतेय, देवाच्या फळीखाली, माझ्या साध्या गाठीने बांधलेली.

पल्लवीने इंजिन बंद केलं.

वहिनी येताहेत.