जिपारच्या टाचेची खरी तारीख

प्रति,
मा. मुख्य शल्यचिकित्सक,
अस्थिरोग विभाग, जिल्हा रुग्णालय,
नारीन प्रांत.

विषय : उद्या सकाळच्या शस्त्रक्रियेपूर्वी दुखापतीची तारीख दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : खाट क्र. ७, जिपार, टपालवाटप कर्मचारी.

महोदय,

मी अर्जदार सागिनबाय, वय ७१, अक-बुलुन गावी चाळीस वर्षे हाडे बसवतो. नोंदखिडकीवरील बाई "तोंडी काही ऐकणार नाही, लेखी द्या" म्हणाल्या, म्हणून हा अर्ज.

परवा जिन्यावरून पडले, असे जिपारने आपणांस सांगितले आहे. ते खोटे आहे. तिच्या टाचेमागची कंडरा पंचवीस दिवसांपूर्वी माझ्या अंगणात तुटली. नुकत्याच चालू लागलेल्या नातवाच्या पायांत बांधलेला दोरा कापण्याचा समारंभ होता. शर्यतीत पहिली येईल तिने दोरा कापायचा, म्हणजे मूल तिच्यासारखे चालते. जिपार पहिली आली आणि मटकन खाली बसली. "कोण रे मेला लाथ मारतोय?" म्हणून वळली, तर मागे कोणीच नव्हते.

मी चाचपले. हाडे शाबूत होती. टाचेच्या वर, कंडरेच्या जागी, खड्डा बोटाला लागला होता, हे आज प्रथमच कबूल करतो. पण पाहुणे जेवायचे होते आणि मुलाच्या वाटेला अपशकुन नको होता. सर्वांदेखत म्हणालो, "लचकलाय नुसता. ऊठ पोरी, दोरा काप." ती उठली. पुढे मी मेंढीची चरबी चोळून पाय बांधत राहिलो आणि माझ्या शब्दावर ती लंगडत टपाल वाटत राहिली.

आपल्या तरुण डॉक्टरांनी नुसती पोटरी दाबून ओळखले. ताजी जखम समजून बारीक छिद्रांतून टाके घालायचे ठरले आहे. जुन्या जखमेत टोके लांब सरकतात, ती छिद्रांतून हाती लागतीलच असे नाही, असे परिचारिकेने मला सांगितले. मी जिपारला विनवले. गावातली पोरे मला अता, म्हणजे बाबा, म्हणतात. ती म्हणते, "गप बसा, अता. खरं सांगितलं तर तुमच्या दारात कोण येईल?"

सबब पाय पुन्हा तपासूनच छिद्रे की मोठी चीर ते ठरवावे. उपचाराला उशीर का झाला त्या रकान्यात रुग्णाचा हलगर्जीपणा न लिहिता माझे नाव लिहावे. जोड कमी पडल्यास माझ्या टाचेची कंडरा काढून घ्यावी. जन्म घोड्यावर गेल्याने ती फारशी झिजलेली नाही.

नातू आता अंगणभर धावतो, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. ऊठ म्हटल्यावर ती उठली, एवढाच तिचा दोष.

आपला अपराधी व नम्र,
सागिनबाय
१२ जून

सोबत :
१. समारंभाची छापील निमंत्रणपत्रिका (तारीख १८ मे).
२. 'येथे हाडे बसवून मिळतील' ही पाटी, आज सकाळी दारावरून काढलेली.