साडेबाराचे अडीच

दादा,

तू पॉवर सप्लायला जोडून ठेवलेले दोन्ही डिस्प्ले बाबांना दाखवले. वाचायला कुठला सोपा जातो ते विचारून ठेव म्हणाला होतास. परवा बाबांनी सोडलं तिथेच बटण होतं, म्हणजे दोन्हींवर साडेबारा व्होल्ट. मोठ्या लाल आकड्यांवर बाबांनी अडीच वाचलं. छोट्या स्क्रीनवरही अडीचच. चष्मा पुसून दिला, तरी अडीच. डावीकडचा एकचा आकडा त्यांना दिसतच नाही.

मग ताट आठवलं. आठवडाभर ते डावीकडची कोशिंबीर तशीच ठेवून उठतात आणि मी नखरे करता म्हणून त्यांना बोलते.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, हे डोळ्यांचं नाही, डोक्याचं असेल, आत्ताच्या आत्ता घेऊन या. आम्ही निघतोय. सप्लायचा प्लग काढलाय. तुझं जेवण झाकून ठेवलंय. बाबांची जुनी फाइल कपाटात सापडली नाही, तुला मिळाली तर घेऊन ये.

डिस्प्लेचं विचारलं तर म्हणाले, "लालच घे म्हणावं, स्वस्त आहे. मला दोन्ही सारखेच."

परवा तुझा तीन व्होल्टचा रेडिओ जळला तेव्हा ते "मी अडीचच ठेवले होते" असं तीनदा म्हणाले, आणि तू "निदान खोटं तरी बोलू नका" म्हणालास. तेव्हापासून ते तुझ्या टेबलाकडे फिरकले नव्हते. आज मीच हाताला धरून नेलं.

ते खोटं बोलत नव्हते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तू येऊन सांग.

छोटी